दोर्दोन्यच्या खोऱ्यात गाडीने पाच दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागातून, म्हणजे दोर्दोन्य नदीच्या काठच्या जुन्या गावांतून आम्ही दोनदा गाडीने फिरलो. परत आल्यापासून नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र साधारण तेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

फ्रान्स एवढा मोठा देश, मग हेच खोरं का?

कारण इथे अंतरं लहान आहेत. सार्ला हे मुख्य गाव मधोमध धरलं, तर दहा-बारा किलोमीटरच्या टप्प्यात दोम, ला रोक-गाजाक, बेनाक आणि कास्तेलनो ही चार गावं येतात आणि प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा. उत्तरेला पंचवीस किलोमीटरवर आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा, पूर्वेला तासाभरावर रोकामादूर हे तीर्थक्षेत्र. पाच दिवसांच्या सुट्टीत रोज चार तास गाडी चालवण्यात घालवले तर गावं फक्त काचेतून दिसतात. इथे तसं होत नाही.

दुसरं कारण इतिहासाचं. ११५२ साली आक्विटेनची, म्हणजे या नैर्ऋत्य मुलखाची, वारसदार एलिनॉर हिने हेन्री प्लांटाजेनेटशी लग्न केलं. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि हा मुलूख इंग्रज राजांच्या अंमलाखाली गेला. पुढची तीनशे वर्षं फ्रेंच आणि इंग्रज याच नदीच्या आरपार एकमेकांवर डोळे रोखून होते. १४५३ साली शंभर वर्षांचं युद्ध संपलं, ते याच नदीच्या खालच्या अंगाला, कास्तियोंच्या लढाईने. त्यामुळे प्रत्येक उंच कड्यावर गढी आहे आणि प्रत्येक गढीसमोर दुसरी गढी. सह्याद्रीतले किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला ही जमीन कुणी समजावून सांगावी लागत नाही.

पाच दिवस पुरतील का? पॅरिस आणि दक्षिणेचा समुद्रकिनाराही जोडता येईल का?

पाच दिवस या खोऱ्याला पुरतात. पॅरिस जोडायचं असेल तर वेगळे दिवस ठेवा आणि तिथे गाडी घेऊच नका. समुद्रकिनारा मात्र पुढच्या वेळेसाठी ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. पहिल्या खेपेला आम्ही सात दिवसांत तीन प्रांत बसवले होते. त्यातलं आज नीट आठवतं ते एकच गाव, कारण तिथे दोन रात्री राहिलो होतो.

कधी जावं?

मे महिन्याचा उत्तरार्ध, जून किंवा सप्टेंबर. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांना मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध हा काळ सोयीचा पडतो. झाडी ताजी असते, नदीला पाणी असतं आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो. तो लांबलेला संध्याकाळचा उजेड या गावांसाठी फार महत्त्वाचा आहे. इथला चुनखडक पिवळसर आहे आणि ऊन तिरपं झालं की आख्खं गाव मधाच्या रंगाचं होतं. दुपारी बाराच्या उन्हात तीच भिंत फिकी दिसते.

मे महिन्यात एक गोष्ट बघून घ्या. १ आणि ८ मे या सरकारी सुट्ट्या, शिवाय येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी बहुतेक वेळा याच महिन्यात येते. अशा वेळी फ्रेंच लोक मधला दिवस जोडून बाहेर पडतात, खोल्या भरतात.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. अख्खं युरोप तेव्हा सुट्टीवर असतं, सार्लात गाड्यांच्या रांगा लागतात आणि पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर तारखा पाहा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात फ्रेंच शाळांची शरद सुट्टी असते, तोवर सगळं सुरू असतं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटला की बरीच छोटी हॉटेलं आणि काही ठिकाणं वसंत ऋतूपर्यंत बंद होतात.

तिथपर्यंत पोहोचायचं कसं?

सोयीची तीन ठिकाणं आहेत : बोर्दो, तुलूझ आणि ब्रीव्ह. पॅरिसहून बोर्दोला वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आसपास लागतात. तिथून सार्ला अडीच तासांवर. तुलूझहून महामार्गाने दोन-सव्वादोन तास. ब्रीव्ह सर्वांत जवळ, तासाभराच्या आतबाहेर, पण तिथे गाड्यांचे पर्याय कमी.

आम्हाला आवडलेला मार्ग म्हणजे बोर्दोत गाडी घ्यायची आणि तुलूझला सोडायची. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचे जादा पैसे लागतात, ते आधी विचारा. पण त्यामुळे एकच रस्ता दोनदा कापावा लागत नाही.

एक कळकळीची विनंती. भारतातून रात्रीच्या विमानाने पोहोचून त्याच दिवशी गाडी हातात घेऊ नका. झोप अपुरी, रस्त्याची बाजू उलटी, पाट्या अनोळखी. एक रात्र बोर्दोत झोपा, गारोन नदीच्या काठी फिरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.

भारताचं लायसन्स चालतं का?

थोड्या दिवसांसाठी गेलेल्या पर्यटकाला चालतं, पण सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा लायसन्सचं अधिकृत फ्रेंच भाषांतर लागतं. परवाना काढणं सोपं. आपल्या आरटीओकडे परिवहनच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. पासपोर्टची प्रत जोडावी लागते, फी हजार रुपये. तो एक वर्ष चालतो. २०२१ पासून या परवान्यासाठी आधी व्हिसा असण्याची अट नाही, तरी व्हिसासाठी वेळेत अर्ज करा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय कवच देणारा प्रवास विमा त्यासोबत लागतोच.

मूळ लायसन्स घरी ठेवून फक्त आंतरराष्ट्रीय परवाना नेऊ नका, दोन्ही लागतात. जर्मनी, नेदरलँड्सकडे राहणारे आपले लोक तिथल्या लायसन्सवर थेट चालवू शकतात.

भाड्याची गाडी घेताना काय पाहायचं?

पहिली गोष्ट, चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड. अनामत रक्कम त्यावर अडवून ठेवतात आणि डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. आमच्या दुसऱ्या खेपेला आरक्षण माझ्या नावावर आणि कार्ड बायकोच्या नावावर होतं. काउंटरवर तासभर गेला आणि शेवटी चालक म्हणून तिचं नाव घालून गाडी मिळाली. तिचा परवाना काढलेला होता म्हणून निभावलं. तेव्हापासून घरात दोघांचेही परवाने काढतो.

दुसरी, वेळ. रेल्वे स्टेशनांजवळच्या कचेऱ्या दुपारी जेवणाच्या वेळेत बंद असतात आणि रविवारी बऱ्याच उघडतच नाहीत. गाडी घ्यायची वेळ ठरवताना हे पाहा.

तिसरी, आकार. मोठी गाडी घ्यावीशी वाटते कारण बॅगा मोठ्या असतात. इथे उलटं करा, बॅगा लहान करा आणि गाडी छोटी घ्या. खेड्यांतले रस्ते दोन भिंतींमधून जातात आणि समोरून ट्रॅक्टर येतो.

ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर फार आधी बुक करा, त्या कमी असतात आणि महागही. विम्याच्या कागदावर नुकसान झाल्यास आपल्या खिशातून किती जाणार तो आकडा पाहा. निघण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, चाकांच्या कडांचेसुद्धा, कारण दगडी फूटपाथांवर चाकंच घासतात.

उजव्या बाजूने चालवायची सवय होते का?

होते, साधारण पहिल्या दिवसाच्या दुपारपर्यंत. क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर आपल्यासारख्याच क्रमाने असतात. गिअर मात्र उजव्या हाताला येतो आणि इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला. पहिले दोन तास वळण आलं की इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खरा धोका गर्दीत नसतो, रिकाम्या रस्त्यावर असतो. पुढे गाडी असली की आपण तिच्या मागे बरोबर बाजूने जातो. पेट्रोल पंपातून किंवा गावाबाहेरच्या पार्किंगमधून एकटेच बाहेर पडताना हात सवयीने डावीकडे वळतो. आमच्याकडे नियम आहे : निघताना शेजारी बसलेल्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं. दुसऱ्या खेपेलाही म्हणत होतो, पाचव्या दिवशीही.

सर्कलला आत फिरणाऱ्या गाडीचा हक्क आधी, आणि फिरायचं घड्याळाच्या उलट दिशेने. वाट चुकली तर आणखी एक फेरी मारा, कुणी हॉर्न वाजवत नाही.

रस्त्याचे कोणते नियम आपल्याला माहीत नसतात?

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. गावात किंवा खेड्यात चौकाला काहीच खूण नसेल, तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही लहान असो. तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात हे सांगणारी पाटी म्हणजे टोकावर उभा पिवळा चौकोन, पांढऱ्या किनारीचा. त्याच पाटीवर काट मारलेली दिसली की तुमचा हक्क संपला.

दुसरा, गावाच्या नावाची पाटी. लाल किनारीची पांढरी पाटी हीच वेगमर्यादेची पाटी आहे. ती ओलांडली की ताशी ५०, वेगळी पाटी लावत नाहीत. नावावर तिरपी लाल रेघ दिसली की गाव संपलं. दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यांवर २०१८ पासून सर्वसाधारण मर्यादा ८० आहे, काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली आहे, म्हणून पाटी पाहूनच चालवा. महामार्गावर १३०, पावसात ११०. कॅमेरे जागोजागी असतात आणि दंडाची नोटीस गाडीच्या कंपनीमार्फत घरी येते, वर कंपनीचं शुल्कही लागतं.

दारूची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, नव्या चालकांना ०.२. वाटेत वाईनच्या गावात थांबणार असाल तर चालकाने प्यायचीच नाही, हा हिशेब सर्वांत साफ.

दहा वर्षांखालच्या मुलांना पुढच्या सीटवर बसवता येत नाही आणि त्यांच्या वयाप्रमाणे वेगळी सीट लागते. ती आधीच मागवा. गाडीत परावर्तक जॅकेट आणि त्रिकोण आहे ना, ते घेतानाच बघा. जॅकेट डिकीत नको, हाताशी हवं.

टोल आणि पेट्रोलचं काय?

टोलनाक्यावर हिरवा बाण किंवा कार्डाचं चित्र असलेल्या रांगेत जा. फक्त ‘टी’ अक्षर असलेली रांग त्यांच्या टॅगवाल्यांसाठी असते. तिकीट घेऊन आत जायचं, बाहेर पडताना पैसे भरायचे. सार्लाच्या आसपास एकदा पोहोचलात की टोल लागतच नाही.

पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल. नाव ऐकून पेट्रोल वाटतं, आणि ही चूक महागात पडते. टाकीच्या झाकणाच्या आत खूण असते, पेट्रोलला गोलात ‘ई’, डिझेलला चौकोनात ‘बी’. ती पंपावरच्या खुणेशी जुळवून पाहा. मोठ्या सुपरमार्केटच्या आवारातला पंप बहुधा स्वस्त असतो. रविवारी तिथे माणूस नसतो, फक्त यंत्र, आणि ते कधी कधी परदेशी कार्ड नाकारतं. शनिवारी टाकी भरून ठेवा.

मुक्काम कुठे करावा? रोज नवं गाव की एकच ठिकाण?

एकच ठिकाण. या बाबतीत माझं मत ठाम आहे. रोज बॅगा भरणं, रोज नव्या घराची किल्ली मिळवणं यात दिवसाचे दोन तास जातात आणि ते नेमके सकाळ-संध्याकाळचे असतात, म्हणजे गाव सर्वांत सुंदर असतं तेव्हाचे.

सार्लात राहिलात तर संध्याकाळी गाडी न काढता जुन्या गावात फिरता येतं. सार्लाबाहेर एखाद्या घरगुती मुक्कामात राहिलात तर शांतता, पार्किंग आणि बहुधा अंगणात अक्रोडाची झाडं मिळतात. आम्ही दुसऱ्या वेळी स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. ‘जीत’ म्हणतात त्याला. शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर हाच पर्याय घ्या. का ते पुढे येतं.

पाच दिवसांची आखणी सांगाल का?

सांगतो, पण यातलं थोडं गाळूनच करा.

पहिल्या दिवशी बोर्दोहून महामार्ग न घेता नदीच्या बाजूचा साधा रस्ता घ्या. वाटेत सेंत-एमिलियों लागतं, द्राक्षबागांच्या मधलं गाव. तिथलं चर्च अख्ख्या खडकात खोदून काढलेलं आहे. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्या माणसाला ते लहान वाटेल, पण एकसंध खडकातून देऊळ कोरून काढायचा विचार तोच. पुढे कास्तियों आणि मग सार्ला, अंधार पडायच्या आत.

दुसरा दिवस सार्ला आणि दोम. तिसरा वेझेर नदीच्या खोऱ्यातल्या गुहा. चौथा दोर्दोन्यच्या काठचे किल्ले आणि होडी. पाचव्या दिवशी भल्या सकाळी रोकामादूर करून तुलूझ. किंवा रोकामादूर सोडून दक्षिणेला पेश-मेर्लची गुहा आणि सें-सिर्क-लापोपी हे लोत नदीवरच्या शंभर मीटर उंच कड्यावरचं गाव. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, शनिवारचा मोठा. तुमचा दुसरा दिवस त्यापैकी एक येईल अशी तारीख धरली तर उत्तम.

सार्लात नेमकं काय पाहायचं?

गल्ल्या. सार्ला हे एका इमारतीसाठी पाहायचं गाव नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातली घरं, दगडी फरशांची जड छपरं, अरुंद बोळ आणि मधेच उघडणारं अंगण, असं दीड-दोन तास पायी फिरायचं. चर्चसमोर एतिएन द ला बोएसीचं घर आहे, १५३० साली जन्मलेल्या या माणसाने अगदी तरुण वयात, लोक जुलमी राजाला आपणहून का मानतात यावर निबंध लिहिला. निबंधकार मोंतेन्य हा त्याचा जिवलग मित्र.

पण सार्ला आज असं दिसतं त्याचं कारण वेगळं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही घरं पडायला आली होती. १९६२ साली संस्कृतिमंत्री आंद्रे माल्रो यांनी कायदा आणला, की एखाद-दुसरी वास्तू नव्हे, तर अख्खी जुनी वस्ती वाचवायची. त्या कायद्याखाली काम सुरू झालेल्या सर्वांत पहिल्या गावांत सार्ला होतं. आणि लोक तिथून हलले नाहीत. आजही वरच्या मजल्यावर कपडे वाळत असतात, शनिवारी त्याच चौकात भाजी विकली जाते.

सेंत-मारी या जुन्या चर्चमध्ये आता झाकलेला बाजार आहे. वास्तुविशारद जाँ नूव्हेल यांनी त्याला बसवलेले उंचच उंच पोलादी दरवाजे पाहाच. नूव्हेल यांचं बालपण सार्लातच गेलं.

दोम, बेनाक, ला रोक-गाजाक यांपैकी एकच करायचं असेल तर?

दोम. १२८१ साली फ्रान्सच्या राजाने, तिसऱ्या फिलिपने, हे गाव कड्यावर नव्याने वसवलं. अशा आखून वसवलेल्या गावांना ‘बास्तीद’ म्हणतात. सरळ रस्ते, मधोमध बाजारचौक. इंग्रज राजा पहिल्या एडवर्डने अशीच गावं वसवली, त्यातलं मोंपाझिए आजही जवळजवळ पूर्ण चौकट राखून आहे. जाता येता वेळ असेल तर तिथल्या कमानींखाली कॉफी प्या.

दोमच्या दरवाज्यात १३०७ नंतर टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या सरदारांना कैदेत ठेवलं होतं, त्यांनी भिंतींवर कोरलेल्या खुणा अजून आहेत. आणि १५८८ ची गोष्ट तर आपल्या माणसाने ऐकावीच अशी. फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांच्या काळात प्रोटेस्टंट सरदार जॉफ्र्वा द व्हिव्हाँ याला दोम हवं होतं. तटबंदी भक्कम, पण नदीकडच्या बाजूला सरळ कडा असल्याने तिथून कुणी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याने रात्रीच्या अंधारात मोजकी माणसं त्याच कड्यावरून चढवली, त्यांनी आत गोंधळ उडवून दरवाजे उघडले आणि गाव पडलं. सिंहगडाचा डोणागिरीचा कडा आठवल्याशिवाय राहात नाही, आणि ही घटना तानाजींच्या आधी ऐंशी-ब्याऐंशी वर्षं घडली. त्या कठड्यापाशी उभं राहून खाली नदीचं वळण पाहताना मुलांना दोन्ही गोष्टी सांगा.

बेनाक आणि कास्तेलनो ही समोरासमोरची जोडी. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंचांकडे, कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. बेनाकचा किल्ला कड्याच्या अगदी टोकाला, चढ कठीण. कास्तेलनोत युद्धसामग्रीचं संग्रहालय आहे, दगडफेकी यंत्रं मूळ आकारात उभी केली आहेत. मुलं असतील तर कास्तेलनो निवडा, नसतील तर बेनाक.

ला रोक-गाजाक नदी आणि कडा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलं आहे. १९५७ साली त्या कड्याची दरड कोसळून तीन माणसं गेली. गावाकडे मान वर करून पाहिलं की हे आठवतं. इथून ‘गाबार’ नावाच्या सपाट बुडाच्या होड्या सुटतात, तासाभराची फेरी असते. पूर्वी त्या लाकूड आणि वाईन घेऊन खाली बोर्दोकडे जात.

जवळच मिलांद नावाची हवेली आहे. नर्तकी-गायिका जोसेफीन बेकर तिथे राहत असे. अमेरिकेत वर्णद्वेष सोसलेली ही कृष्णवर्णीय स्त्री दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकाराला मदत करत होती. पुढे तिने वेगवेगळ्या देशांतली बारा मुलं दत्तक घेऊन याच घरात वाढवली. शेवटी कर्जापायी तिला घर सोडावं लागलं. २०२१ साली पॅरिसच्या पाँतेआँमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोर व्यक्तींच्या स्मारकात, तिला मानाचं स्थान मिळालं. किल्ल्यांच्या मधे हे घर पाहिल्यावर आमच्या मुलीने दिवसभर दुसरं काही विचारलं नाही.

लास्कोची गुहा खरी पाहायला मिळते का?

नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. १२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुलांना ही गुहा सापडली. युद्धानंतर ती लोकांसाठी उघडली आणि रोज हजारावर माणसं आत जाऊ लागली. त्यांच्या श्वासामुळे भिंतींवर हिरवं शेवाळ आणि पांढरे क्षार चढू लागले. १९६३ साली माल्रो यांनीच ती बंद केली. वर्षापूर्वी सार्लासारखी गावं लोकांच्या वापरात ठेवण्याचा कायदा करणारा मंत्री इथे दार लावून घेतो. मला या दोन निर्णयांत विरोध दिसत नाही. घर माणसांनी वाचतं, चित्र माणसांपासून दूर ठेवून वाचतं, हे त्याला कळलं होतं. अजिंठ्याच्या लेण्यांत गर्दी पाहून आलेल्यांना यावर विचार करावासा वाटेल.

गुहेजवळच्या मोंतिन्याक गावात २०१६ पासून अख्ख्या गुहेची प्रतिकृती आहे. ती उत्तम आहे, तापमानसुद्धा गुहेसारखं गार ठेवलेलं, स्वेटर न्या. पण खऱ्या भिंतीवरचं खरं चित्र पाहायचं असेल तर ले-झेझी गावाजवळच्या फों-द-गोम गुहेत जा. तिथे रंगीत गवे मूळ जागी आहेत, रोज मोजकीच माणसं आत सोडतात, म्हणून तिकीट फार आधी घ्या. न मिळाल्यास रुफिन्याकला छोट्या विजेच्या गाडीतून गुहेत नेतात आणि मॅमथची रेखाटनं दाखवतात. चालता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी तेच बरं. दक्षिणेकडे पेश-मेर्लमध्ये ठिपक्यांचे घोडे मूळ रूपात आहेत.

रोकामादूर वयस्कर माणसांना झेपेल का?

झेपेल. हे कड्याला चिकटलेलं तीर्थक्षेत्र आहे. खाली गाव, मधे देवळं, वर किल्ला. गावापासून देवळांपर्यंत २१६ पायऱ्या, एके काळी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत. काळ्या रंगाच्या लाकडी माता मेरीच्या मूर्तीसाठी लोक मध्ययुगापासून इथे येतात. लिफ्ट आहेत, म्हणून माझ्या आईने एकही पायरी न चढता दर्शन घेतलं. पायऱ्या पाहून तिला सप्तशृंगीची आठवण झाली आणि मूर्तीपुढे ती बराच वेळ हात जोडून बसली.

सकाळी नऊच्या आत पोहोचा. अकरानंतर गल्लीत चालता येत नाही.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

आधी ठरवून गेलात तर छान होतं, नाही तर त्रास होतो. हा बदक आणि हंसांचा प्रदेश आहे. ‘सार्लादेझ’ बटाटे दिसायला साधे लसणीचे बटाटे, पण ते बदकाच्या चरबीत परततात. सुपात मांसाचा रस्सा असू शकतो, सॅलडवर न सांगता बदकाचे काप येतात. ‘सां व्हियांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नको, हे पाठ करा आणि वर ‘सां ग्रेस द कानार’ म्हणजे बदकाची चरबी नको, हेही जोडा.

खाण्यासारखं पुष्कळ आहे. बाजारातले टोमॅटो, स्ट्रॉबेरी, ताजा पाव, रोकामादूरचं छोट्या चकतीचं शेळीचं चीज, ‘सेप’ अळिंब्यांचं ऑम्लेट, अक्रोडाचा केक. चीजमध्ये बहुधा प्राणिज विरजण असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी टाळावं. आम्ही कुकर नेला नव्हता, पण मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि गोडा मसाला नेला होता. बाजारातल्या फरसबीची गोड्या मसाल्यातली भाजी त्या अंगणात बसून खाल्ली, ती चव विसरत नाही.

जेवणाच्या वेळा मात्र सांभाळा. दुपारी बारा ते दीडपर्यंत टेबल मिळवा. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्री साडेसातपर्यंत काही मिळत नाही. रविवारी दुपारनंतर दुकानंही बंद, सोमवारी बरीच हॉटेलं बंद. शनिवारी बाजार करून ठेवा.

फ्रेंच येत नाही, अडतं का?

फारसं नाही. एकच करा : दुकानात, हॉटेलात, बेकरीत शिरताक्षणी ‘बोंझूर’ म्हणा, मग पुढचं बोला. न म्हणता थेट इंग्रजीत विचारलं की तिथे ते उद्धट समजतात. आपण देवळात शिरताना घंटा वाजवतो तितकं ते सहज आहे. निघताना ‘मेर्सी, ओ र्‌व्वार’.

गावात गाडी कुठे लावायची?

जवळजवळ प्रत्येक ऐतिहासिक गावाच्या बाहेर पार्किंग असतं, तिथेच लावा आणि चालत आत जा. नकाशाचं अॅप कधी कधी थेट गल्लीत घालतं, त्याचं ऐकू नका. निळ्या रंगाने आखलेल्या जागेत फुकट लावता येतं, पण आल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवावी लागते. ती तंबाखूच्या दुकानात मिळते. बॅगा गाडीत दिसतील अशा ठेवून जाऊ नका.

येताना काय आणावं?

अक्रोडाचं तेल. लहान बाटली घ्या, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळा आणि घरी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, लवकर खवट होतं. तळायला वापरू नका. आम्ही काकडीच्या कोशिंबिरीवर दाण्याच्या कुटासोबत अर्धा चमचा घालतो. ती बाटली गणपतीपर्यंत पुरली.